हिदारूचा घास

मोरिओ तामाकीने डोंगरावरून डबा कधी रिकामा आणला नाही. पाऊस असो, धुकं असो, सोबतचे पाहुणे कितीही खादाड असोत, संध्याकाळी तो कोगुचीत, आपल्या गावात, उतरायचा तेव्हा डब्यात भाताचा एक लिंबाएवढा गोळा शिल्लक असायचाच. सुएको, त्याची बायको, दारात उभी असायची. तळहात पुढे करायची. मोरिओ त्यावर गोळा ठेवायचा आणि ती तो तिथेच, उंबऱ्यात, उभ्या उभ्या खाऊन टाकायची. मग तोंड पुसून म्हणायची, "आलास होय? मला वाटलं, मेलास."

एवढंच त्यांचं प्रेमाचं बोलणं. कुमानोच्या डोंगरातली माणसं मुळातच आदरार्थी बोलण्यात कच्ची. इथे बायको नवऱ्याला अरे-तुरे करते, मेहुणी करते, उद्या सम्राट आला तर त्यालाही करतील. शहरातले पाहुणे आधी दचकतात आणि मग गालातल्या गालात हसतात.

तो गोळा हिदारूचा. नाचीच्या देवळापासून कोगुचीपर्यंत जी जुनी यात्रेची वाट आहे, तिच्यावर पूर्वी कित्येक यात्रेकरू उपाशी मेले. तेच हिदारू होऊन अजून खिंडीत बसलेले आहेत म्हणतात. उपाशी माणूस जवळून गेला की ते त्याला धरतात. चांगला चालता चालता माणूस एकदम मटकन खाली बसतो, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, पाऊल म्हणून उचलत नाही. औषध एकच, भात. एक घास पुरतो, अगदीच अडलं तर एक शीतही पुरतं. म्हणून इथला माणूस डबा कधी चाटूनपुसून खात नाही. आणि त्या घासाची वाटेत गरज पडली नाही, तर तो घरी वाट बघणाऱ्याने खायचा. आज कोणी पडलं नाही, सगळे धड उतरले, एवढं त्यातून घरच्यांना कळायचं.

मोरिओ आधी लाकूडतोड्या होता. पुढे लाकडाला कोणी विचारेनासं झालं, करवती गंजल्या, तरुण पोरं ओसाकाला गेली. त्याच सुमाराला जगाला या वाटेचा शोध लागला. हातात दोन-दोन काठ्या घेऊन माणसं यायला लागली. पर्यटन कचेरीने गावातले म्हातारे गोळा केले, त्यांना टोप्या दिल्या आणि सांगितलं, तुम्ही आता वाटेचे कथेकरी. पाहुण्यांना घेऊन चालायचं आणि गोष्टी सांगायच्या. सुएकोला हसू आवरेना. "माझ्याशी जन्मात चार वाक्यं धड बोलला नाहीस, आणि आता दिवसभर बोलणार? लोक झोपतील रे!"

पण मोरिओला ते जमलं. त्याला झाड न् झाड, दगड न् दगड ठाऊक होता, आणि तो उगाच रंगवून सांगत नसे. मग कचेरीने सुएकोलाही कामाला लावलं. पाहुण्यांना मेहारी करायला शिकवायची, म्हणजे भाताचा गोळा वळून त्याला मिठात मुरवलेलं मोहरीच्या जातीचं रुंद पान गुंडाळायचं. कचेरीच्या भाषेत चालणं हा एक अनुभव आणि गोळा वळणं हा दुसरा. "आपण केलं ते काम, आणि यांनी केलं की अनुभव," सुएको म्हणायची, आणि पाहुण्यांचे वाकडेतिकडे गोळे पुन्हा स्वतः सारखे करून द्यायची.

त्या उन्हाळ्यात तिच्या घशाखाली घास अडकायला लागला. शिंगूच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, नळ्या घातल्या, काढल्या. शरद ऋतू लागता लागता ती म्हणाली, "पुरे झालं. मला माझ्या घरी मरू दे." मोरिओ तिला घरी घेऊन आला. पेजेचा चमचा तोंडाशी नेला की ती मान फिरवायची. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी त्याला अंगणात घेऊन सांगितलं, "जबरदस्ती करू नका. स्वतःहून काही मागितलं तर मात्र लगेच द्या, काहीही असो." त्या दिवसापासून मोरिओ फक्त तेवढीच वाट बघत होता. सुएको काहीतरी मागेल याची. पण ती काही मागत नव्हती.

नोव्हेंबरात नागोयाच्या तीन बायकांची फेरी ठरलेली होती. मोरिओने कचेरीला नाही म्हणून कळवायचं ठरवलं. सुएकोने ते ऐकलं.

"आणि घरात बसून काय करणार? माझं तोंड बघणार?"

"बघीन की."

"बघण्यासारखं होतं तेव्हा डोंगरात होतास. जा मुकाट्याने. नोबुए आहे इथे."

नोबुए म्हणजे तिची धाकटी बहीण, पलीकडच्या वस्तीतून रोज यायची. त्या दिवशी सकाळी तिने भात टाकला होता. भाताचा वास घरभर पसरला आणि सुएको अंथरुणातून म्हणाली, "मला उठव." दोघांनी धरून तिला स्वयंपाकघरात आणलं. ती ओट्याला टेकून स्टुलावर बसली. एक मोठा गोळा वळायला घेतला, पण तिचे हात कापायला लागले.

"ताई, मी करते ना," नोबुए म्हणाली.

"कर. पण दगड करू नकोस. पाहुण्यांचे दात पडतील."

मोठे गोळे नोबुएने केले. हिदारूचा छोटा मात्र सुएकोने कोणाला करू दिला नाही. किती वेळ ती तो हातात फिरवत होती. मग पान गुंडाळून तिने तो डब्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि मोरिओकडे न बघता म्हणाली, "हा परत आण. मी खाईन."

मोरिओला आधी काही समजलंच नाही. मग त्याने विचारलं, "खाशील?"

"खाईन म्हटलं ना. दरवेळी खाते, आज काय नवीन?"

तिला पुन्हा अंथरुणावर निजवताना त्याचे दोन्ही हात तिच्यात गुंतले होते. बाहेर त्याला नाचीला सोडायला आलेला शेजाऱ्याचा छोटा ट्रक हॉर्न वाजवत होता. मोरिओने डबा उचलला आणि पळाला. काळ्या साखरेच्या खड्यांची पिशवी, जी तो पाहुण्यांसाठी कमरेला बांधायचा, ती ओट्यावर राहिली.

नाचीच्या पायऱ्यांपाशी तिघी उभ्याच होत्या. त्यांतल्या होरिकावाबाई सगळ्यांत चपळ. नवे बूट, नवी काठी, आणि साठी उलटूनही अंगावर कुठे चरबी दिसू नये याचा ध्यास. "काका, मी भात बंद केलाय," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. मोरिओने मान डोलावली. भात बंद करणारं माणूस त्याने याआधी पाहिलं नव्हतं.

चढावर पहिल्याच वळणावर दुसरीने पलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "काका, घंटेचा डोंगर तो तोच ना? पुस्तकात वाचलंय. सांगा ना." ही गोष्ट मोरिओने हजारदा सांगितली असेल. कुमानोत माणूस मेलं की त्याच्या उशाशी ठेवायला भात टाकतात. तो चुलीवर शिजत असतो तेवढ्या वेळात मेलेल्याचा जीव म्योहोच्या डोंगरावर जातो, तिथल्या देवळातली घंटा एकदाच वाजवतो आणि भात उतरायच्या आत घरी परत येतो. मग कायमचा जातो. मोरिओ सांगायला लागला आणि भातापाशी अडला. "पुढे चढ आहे," म्हणाला आणि चालायला लागला.

दुपारी दगडी देवांच्या पडवीत डबे उघडले. दोघी मैत्रिणींनी मेहारीचे मोठमोठे घास घेतले. होरिकावाबाईंनी आपला गोळा त्यांनाच वाटून दिला.

"खा बाई," मोरिओ म्हणाला. "या वाटेवर उपाशी चालू नये."

"उपाशी कसली काका! उलट किती हलकं वाटतंय."

मग मोरिओने त्यांना हिदारू सांगितला. घाबरतील आणि दोन घास खातील, एवढाच हेतू. होरिकावाबाई खळखळून हसल्या. "म्हणजे आत्ता तुमच्या डब्यात तो घास आहे? दाखवा ना, फोटो काढते."

मोरिओने डब्याचं झाकण लावलं. "आज नाही."

एचिझेनच्या खिंडीचा शेवटचा चढ सुरू झाला आणि सर्वांत पुढे असलेल्या होरिकावाबाई बसल्या. दमून बसतात तशा नव्हे, एकाएकी कोसळल्याच. मोरिओ धावला. त्यांचं कपाळ घामाने थबथबलेलं, ओठ पांढरे, हात बर्फासारखे. "पाय... पायच नाहीत मला," त्या पुटपुटत होत्या. मैत्रिणींनी पिशव्या उलट्या केल्या. चॉकलेट, बिस्किटं, सगळं सकाळच्या चढावरच संपलेलं. मोरिओचा हात कमरेला गेला. साखरेची पिशवी नव्हती. फोनला तिथे कधीच रेंज नसते. पुढे दोन तासांची वाट, मागे त्याहून जास्त.

डबा पाठीवर होता. मोरिओने तो काढला नाही.

त्याने होरिकावाबाईंचा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने 'भात' असा अर्थ असलेलं एकच अक्षर काढलं. ज्याच्याजवळ शीतसुद्धा नसतं त्याने हे करायचं असतं. अक्षर काढायचं आणि चाटायचं. "चाटा," तो म्हणाला. बिचाऱ्या बाईने चाटलं. त्याने पुन्हा काढलं, पुन्हा चाटायला लावलं. अक्षराने काही होणार नाही हे त्याला काढतानाच माहीत होतं. जवळ भात असताना त्याने हे उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. थोडं थांबू, वाऱ्याने बरं वाटेल, असं तो मनाशी म्हणत राहिला. अर्धा देऊ, अर्धा ठेवू, असंही आलं मनात. लिंबाएवढ्या गोळ्याचा अर्धा! समोरच्या बाईचा त्याला राग राग आला. दुपारी हिने हातातला भात वाटून टाकला, आणि घरी एक बाई कित्येक दिवसांनी म्हणाली होती, खाईन.

होरिकावाबाईंची मान एका बाजूला कलली.

मोरिओने डबा उघडला. पान चिवट असतं, घशात अडकलं असतं, म्हणून त्याने ते सोडवलं आणि आतला भात चिमटीचिमटीने बाईंच्या तोंडात घातला. पहिली चिमूट नुसती तोंडात राहिली. दुसरी त्यांनी गिळली. मग त्या स्वतः तोंड उघडायला लागल्या, पाखराचं पिल्लू उघडतं तसं. सगळा गोळा संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारलं, "अजून आहे?"

"नाही," मोरिओ म्हणाला.

थोड्या वेळाने त्यांच्या गालावर रंग आला. त्या उठून बसल्या, लाजल्या, रडल्या, पुन्हा पुन्हा वाकून क्षमा मागितली. "काय चव होती काका! कोणी केला होता?"

"घरी."

"त्यांना सांगा हं, असा भात मी जन्मात खाल्ला नाही."

मोरिओने पानाची घडी केली आणि डब्यात ठेवली. पानाला काही शितं चिकटून राहिली होती.

खिंडीपलीकडचा उतार इतका उभा आहे की त्याला धड कापणारा उतार म्हणतात. मोरिओ तो डोळे मिटून उतरायचा. त्या दिवशी तो दोनदा घसरला. घरी नोबुएचा भात उरलेला असेल, याच पानात एक छोटा गोळा वळला तर? विचार आला आणि गेला. सुएकोला नुसत्या तळहाताने कळलं असतं. तिघींना बसमध्ये बसवून दिलं. होरिकावाबाई खिडकीतून हात हलवत राहिल्या. मोरिओने हात वर केला नाही.

घरी आला तर सुएकोचं अंथरूण दाराशी होतं. "दुपारपासून हट्ट धरून बसलीय," नोबुए कुजबुजली. "म्हणे, उंबऱ्याजवळ ने. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणते, भूक मोडेल."

सुएकोने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तळहात वर केला.

मोरिओने त्यावर पान ठेवलं. तिची बोटं मिटली. पान नुसतं चपटं हाताला लागलं. तिने डोळे उघडले.

"कोण पडलं?"

"नागोयाची बाई. खिंडीत."

"जेवली नव्हती?"

"भात खात नाही म्हणे."

"मूर्ख." सुएकोने श्वास घेतला. "रंग आला तोंडावर?"

"आला."

"स्वतःच्या पायांनी उतरली?"

"उतरली. बसमध्ये बसवून आलो. तुझा भात आवडला तिला. अजून आहे का विचारत होती."

"मग झालं तर," सुएको म्हणाली. तिने डोळे मिटले. मोरिओला वाटलं, झोपली. तेवढ्यात ती अगदी सहज, तक्रार नव्हेच, सांगावं म्हणून बोलली, "आज भूक लागली होती रे मला."

मोरिओ उंबऱ्यातच बसला आणि रडला. सुएकोने त्याला रडू दिलं. मग त्याने पानावरचं एक शीत सोडवलं आणि तिच्या जिभेवर ठेवलं. तिने तोंड मिटलं. घसा हलला नाही.

"नवा गोळा वळून आणू?" त्याने विचारलं. "आत्ता आणतो."

"तू वळलेला? मला मारायचंय होय?" ती हसली. "उद्या. उद्या मीच करीन."

सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा सुएको गेली. नोबुएने तिचं तोंड पुसलं, तर शीत जिभेवर तसंच होतं.

उशाशी ठेवायचा भात टाकायला नोबुए उठली. मोरिओ म्हणाला, "मी टाकतो." त्याने आयुष्यात भात केला नव्हता. तांदूळ किती, पाणी किती, सगळं मेहुणीने सांगितलं. पातेलं गॅसवर चढलं. आधण आलं, झाकण हलायला लागलं, आणि मोरिओ एकदम वाकला आणि त्याने आच अगदी बारीक केली.

"दाजी, काय करतोस? विझेल ती."

"राहू दे."

"अरे, भात गिच्च होईल अशाने."

"होऊ दे गिच्च." त्याने नोबुएचा हात बाजूला सारला. "कोगुचीहून म्योहोला जायचं तर खिंड चढावी लागते. तिचे गुडघे दुखतात. एवढ्या लवकर शिजला तर ती जाऊन येईल कधी?"

नोबुए भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरासारखा एप्रनचा कोपरा तोंडात कोंबून रडायला लागली. मोरिओ गॅससमोरून हलला नाही. तो वाट मनात चालत होता. आता ओढ्याचा पूल. आता धड कापणारा चढ, इथे ती दहा वेळा बसेल आणि त्याला शिव्या देईल. आता खिंड. खिंडीशी येऊन तो थांबला. एवढ्या दिवसांची उपाशी बाई खिंडीतून जाणार, आणि तिच्याजवळ घास नाही. तिचा घास होरिकावाबाईंच्या पोटात नागोयाला गेला होता.

भात झाला तेव्हा दुपार झाली होती. खाली करपला होता, वर चिकट. हा भात सगळाच्या सगळा मेलेल्याच्या वाडग्यात भरायचा असतो, घरात शीतही ठेवायचं नसतं. मोरिओने सुएकोचा वाडगा शिगोशीग भरला, त्यात चॉपस्टिक उभ्या रोवल्या, तिच्या उशाशी ठेवला. मग त्याने वाडग्यातून लिंबाएवढा भात काढून घेतला. नोबुएने बघितलं आणि नजर फिरवली. मोरिओने तो कालच्याच पानात गुंडाळला. गोळा वाकडा झाला, एका बाजूने उकलत होता. तो हातात घेऊन मोरिओ घराबाहेर पडला.

उतार जिथे संपतो तिथे तो जाऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांत ती रोज दारात उभी राहिली होती आणि तो वरून आला होता. त्याने तळहातावर गोळा ठेवला आणि हात पुढे केला.

उन्हं कलायला लागली तेव्हा दोन तरुण यात्रेकरू काठ्या टेकत खाली आले. मोरिओला तसा उभा बघून थांबले.

"काका, कोणाची वाट बघताय?"

"बायकोची. सकाळी वर गेलीय. उपाशीच गेलीय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पण काका," त्यांतला एक चाचरत म्हणाला, "आम्हाला तर वाटेत कोणीच भेटलं नाही."

मोरिओने ऐकलं, मान हलवली. हात मात्र त्याने तसाच पुढे धरून ठेवला.